रोमचा रस्ता: फॅसिझमला जुनं हवं होतं की नवं?

रोममध्ये कोलोसियमकडे पाठ करून उभं राहिलं की समोर एक रुंद, सरळसोट रस्ता दिसतो. लांबी एक किलोमीटरच्या आतच. दोन्ही बाजूंच्या खोलगट भागात प्राचीन रोमचे भग्न खांब, आणि पार टोकाला पियात्सा व्हेनेत्सिया हा चौक. तिथल्याच राजवाड्याच्या सज्जातून इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनी गर्दीपुढे भाषणं करायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा रस्ता सीझरच्या काळापासूनच इथे असणार. पण तो झाला १९३२ साली. मुसोलिनीच्या हाती सत्ता येऊन दहा वर्षं झाली, त्या निमित्ताने २८ ऑक्टोबर १९३२ रोजी त्याने घोड्यावर बसून या रस्त्याचं उद्घाटन केलं. नाव ठेवलं ‘साम्राज्याचा रस्ता’.

या जागी आधी काय होतं? मध्ययुगापासून वाढत आलेली दाट वस्ती. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकलेली घरं, छोटी चर्च. ती पाडली. तिथल्या माणसांना शहराच्या कडेला नेऊन बसवलं. वेलिया नावाची छोटी टेकडी आडवी येत होती, ती कापून काढली. सम्राटांच्या काळातले चौक खणून वर काढले, आणि त्यांचा बराच भाग पुन्हा याच रस्त्याखाली गाडून टाकला.

इटलीच्या फॅसिझमबद्दल वाचताना मी वारंवार या रस्त्यापाशी येऊन थांबतो. परंपरेचा जयजयकार करत शेकडो वर्षांची नांदती परंपरा पाडायची, आणि त्या जागी संचलनाला आणि मोटारींना सोयीचा, पूर्ण आधुनिक रस्ता बांधायचा. मग फॅसिझम जुन्याच्या बाजूचा होता की नव्याच्या? पुस्तकांत दोन्ही उत्तरं सापडतात. कुणी त्याला मागे नेणारी, अडाणी, बुद्धीचा द्वेष करणारी चळवळ म्हणतं. कुणी दाखवतं की इटलीतले कितीतरी कवी, चित्रकार, तत्त्वज्ञ, वास्तुविशारद तिच्यात होते आणि तिला विमानं, सिनेमा, रेडिओ यांचं वेड होतं. दोन्ही बाजूंचे पुरावे खरे आहेत. म्हणून प्रश्न जरा वेगळा विचारावा लागतो: जुन्यातलं नेमकं काय घेतलं, नव्यातलं नेमकं काय घेतलं, आणि दोन्हींतलं काय टाकून दिलं?

शब्दापासूनच सुरुवात करू. इटालियन भाषेत ‘फाशो’ म्हणजे मोळी, जुडगा. प्राचीन रोममध्ये मोठ्या अधिकाऱ्यापुढे सेवक चालायचे, त्यांच्या खांद्यावर काठ्यांची एक मोळी असायची आणि तिच्यात कुऱ्हाड खोचलेली. शिक्षा देण्याच्या अधिकाराचं ते चिन्ह. पण १८९० च्या दशकात सिसिलीतल्या शेतकरी-कामगारांनी आपल्या संघटनांनाही ‘फाशी’ (‘फाशो’चं अनेकवचन) म्हटलं होतं, म्हणजे जुटी, एकीच्या टोळ्या. मुसोलिनी आधी समाजवादी पुढारी आणि पत्रकार होता, त्याला हा दुसरा अर्थ चांगला माहीत होता. २३ मार्च १९१९ ला मिलानमध्ये त्याने आपली संघटना काढली तेव्हा नावात डाव्या चळवळीचा वास होता. कुऱ्हाड खोचलेली रोमन मोळी ठळकपणे पुढे आली ती नंतर.

त्या सुरुवातीच्या मंडळींत कवी मारिनेत्ती होता. १९०९ साली पॅरिसच्या ‘फिगारो’ या वृत्तपत्रात त्याने ‘फ्यूचरिझम’चा जाहीरनामा छापला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: संग्रहालयं, ग्रंथालयं, अकादम्या उद्ध्वस्त करा, धडधडणारी शर्यतीची मोटार ग्रीक शिल्पाहून सुंदर आहे, युद्ध ही जगाची एकमेव स्वच्छता आहे. आज हे तरुण कवीच्या अतिशयोक्तीसारखं वाटेल. पण त्यातला युद्धाचा भाग अतिशयोक्ती ठरला नाही. पहिल्या महायुद्धात इटलीचे जवळपास सहा लाख सैनिक मेले, आणि त्यातून परतलेल्या कित्येक तरुणांना संसदेतली चर्चा, वाटाघाटी, मतमोजणी हे सगळं मिळमिळीत वाटू लागलं. त्यांच्या तोंडी एक घोषणा होती, ‘मे ने फ्रेगो’, म्हणजे ‘मला काय त्याचं’. विचार करत बसणाऱ्यापेक्षा कृती करणारा मोठा, ही भावना फॅसिझमच्या मुळाशी आहे. समाजवाद्यांची कार्यालयं जाळणाऱ्या, विरोधकांना एरंडेल पाजणाऱ्या टोळ्या याच भावनेवर पोसल्या गेल्या.

मग तत्त्वज्ञ तिथे काय करत होते? जोव्हान्नी जेंतिले आणि बेनेदेत्तो क्रोचे हे त्या काळातले इटलीचे दोन सर्वांत मोठे विचारवंत. १९०३ पासून क्रोचेच्या मासिकात दोघं मिळून लिहीत होते. वीस वर्षांहून जास्त दोस्ती. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी पंतप्रधान झाला, आणि जेंतिले त्याचा शिक्षणमंत्री. क्रोचेलाही सुरुवातीला वाटलं होतं की ही मंडळी जरा गोंधळ घालतील, पण देशाची घडी बसवतील आणि मग गोष्टी पूर्वपदावर येतील. जून १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्ती याचं भर रोममधून अपहरण होऊन खून झाला, त्यानंतरही क्रोचेने सिनेटमध्ये सरकारच्या बाजूने मत दिलं. हे सांगायलाच हवं, कारण पुढे तो फॅसिझमविरोधाचं प्रतीक झाला आणि ही गोष्ट मागे पडली. शहाण्या, सुसंस्कृत, उदारमतवादी माणसाचाही अंदाज इतका चुकू शकतो.

१९२५ मध्ये दोघांची वाट कायमची फुटली. २१ एप्रिलला, म्हणजे परंपरेने मानलेल्या रोम शहराच्या स्थापनादिनी, जेंतिलेने लिहिलेला फॅसिस्ट बुद्धिजीवींचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. क्रोचेने उत्तर लिहिलं आणि ते १ मे रोजी, कामगारदिनी छापून आलं. राजकारण आणि साहित्य, राजकारण आणि विज्ञान यांची अशी भेसळ करणं हीच मुळात चूक आहे, आणि हिंसेला पाठीशी घालण्यासाठी ती केली तर ती क्षम्य चूकही राहत नाही, असा त्याच्या उत्तराचा सूर होता.

इथे जेंतिलेचं तत्त्वज्ञान थोडं समजून घेऊ. त्याच्या मते विचार ही डोक्यात पडून राहणारी वस्तू नव्हे, विचार ही कृती आहे. जो विचार जगण्यात उतरत नाही तो विचारच नव्हे. एवढं ऐकून आपण मान डोलावू. पण पुढची पायरी अशी की माणूस एकटा असा नसतोच. तो कुटुंबात, भाषेत, राष्ट्रात घडतो, म्हणून त्याचं खरं स्वातंत्र्य राज्यसंस्थेशी एकरूप होण्यात आहे. आणि त्यापुढची पायरी: मग राज्याच्या बाहेर उभं राहून राज्याला तपासणारा माणूस म्हणजे स्वतःपासूनच तुटलेला, अपुरा माणूस. प्रत्येक पायरी चढताना ती उंच वाटत नाही, आणि शेवटी आपण कुठे येऊन पोहोचतो ते पाहिलं की धडकी भरते. मुसोलिनीने २८ ऑक्टोबर १९२५ ला मिलानमध्ये तीच गोष्ट तीन तुकड्यांत सांगितली: सर्व काही राज्यात, राज्याबाहेर काही नाही, राज्याविरुद्ध काही नाही.

म्हणून ‘फॅसिझम बुद्धीचा शत्रू होता’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. फॅसिझमला ग्रंथ हवे होते, तत्त्वज्ञ हवे होते, विश्वकोश हवा होता. इटलीचा प्रचंड विश्वकोश याच काळात जेंतिलेच्या देखरेखीखाली तयार झाला, आणि त्याने फॅसिस्ट नसलेल्या विद्वानांकडूनही नोंदी लिहून घेतल्या. तरुणांसाठी घोषणा होती, ‘पुस्तक आणि बंदूक, परिपूर्ण फॅसिस्ट’. पुस्तक त्यात होतं. नको होता तो एकच गुण: थांबून, जरा बाजूला होऊन ‘हे खरं आहे का?’ असं विचारणं. सत्तेवर येण्याच्या काही दिवस आधी, २४ ऑक्टोबर १९२२ ला नेपल्समध्ये मुसोलिनी म्हणाला होता की आम्ही आमचं मिथक घडवलं आहे. मिथक म्हणजे श्रद्धा, उत्कटता. ते वास्तव असण्याची गरज नाही. आमचं मिथक म्हणजे राष्ट्राची महानता. ते खरं असण्याची गरज नाही, असं नेता भर सभेत सांगतो. मग ते तपासून पाहणाऱ्या माणसाला तिथे जागा कुठून राहणार?

याच विश्वकोशाच्या १९३२ च्या खंडात ‘फॅसिझम’ ही नोंद आहे. नावावर मुसोलिनी, पहिला तात्त्विक भाग जेंतिलेचा. त्यात एक मुद्दा स्पष्ट मांडला आहे: समाजवाद, लोकशाही, उदारमतवाद आम्ही नाकारतो, याचा अर्थ जगाला १७८९ च्या, फ्रेंच राज्यक्रांतीच्या, आधीच्या अवस्थेत परत न्यायचंय असा नाही. एकोणिसावं शतक व्यक्तीचं असेल, तर हे शतक समूहाचं, म्हणून राज्याचं. राजेशाही आणि चर्च यांचे सनातनी समर्थक खरोखर मागे जाऊ पाहत होते. फॅसिझमला पुढे जायचं होतं, मात्र एका वेगळ्याच पुढे. राजाशी त्याने जुळवून घेतलं, ११ फेब्रुवारी १९२९ ला पोपशी करार केला, पण दोघांनाही आपल्या गाडीत बसवून लगाम स्वतःच्या हातात ठेवण्याची त्याची धडपड होती. कालगणनासुद्धा नवी सुरू झाली. १९२२ च्या ऑक्टोबरपासून ‘वर्ष पहिलं’. आकडे मात्र रोमन.

कलेतही तेच. हिटलरच्या जर्मनीत आधुनिक कला सरसकट ‘भ्रष्ट’ ठरवली गेली. इटलीत तसं झालं नाही. मिलानच्या उत्तरेला कोमो गावात जुझेप्पे तेर्रान्यी या तरुण वास्तुविशारदाने पक्षाचं कार्यालय बांधलं, १९३२ ते १९३६. मोठ्या चर्चच्या मागच्या बाजूला ही पांढरी, चौरस पायाची इमारत उभी आहे. कमानी नाहीत, घुमट नाही, नक्षी नाही. नुसती चौकटींची जाळी आणि काच. फॅसिझम म्हणजे काचेचं घर, ज्यात कुणीही डोकावू शकतो, हे मुसोलिनीचं वाक्य तेर्रान्यीने मनावर घेतलं होतं. प्रवेशद्वारी काचेच्या दारांची एक ओळ आहे. विजेच्या यंत्रणेने ती सगळी दारं एकाच वेळी उघडावीत आणि आतले कार्यकर्ते एकदम चौकात उतरावेत, अशी त्याची योजना होती.

ही इमारत सुंदर आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी आजही ती अभ्यासतात. आणि ज्या राजवटीत वृत्तपत्रं आवळलेली, विरोधी पक्ष १९२६ पासून बंद, गुप्त पोलिसांचं जाळं देशभर, त्या राजवटीसाठी ही पारदर्शक इमारत बांधली गेली. तेर्रान्यी ढोंगी होता असं मला वाटत नाही. त्याचा त्यावर विश्वास होता, आणि मला तेच जास्त बेचैन करतं. काचेतून आत दिसत होतं, पण आतल्याला प्रश्न विचारता येत नव्हता. दारं एकदम उघडत होती, पण एकाच हुकमावर. आधुनिकतेतून काच, वीज, वेग उचलला. तिच्या पोटात असलेली शंका घेण्याची, मतभेदाची, स्वतः निवड करण्याची सवय बाहेर ठेवली.

परंपरेबद्दलही हाच व्यवहार झाला. रोमच्या इतिहासात प्रजासत्ताक आहे, सिनेटमधले वाद आहेत, गुलामांची बंडं आहेत, मध्ययुगातली स्वतंत्र नगरं आहेत. त्यातून उचललं ते फक्त सम्राट, सैन्य, विजय आणि शिस्त. १९३४ मध्ये त्या नव्या रस्त्याच्या कडेला, मॅक्सेंशियसच्या भव्य वास्तूच्या भिंतीवर संगमरवराचे चार नकाशे बसवले. छोट्याशा ठिपक्यापासून सम्राट ट्रेजनच्या अफाट साम्राज्यापर्यंत रोम कसं वाढलं हे दाखवणारे. १९३६ मध्ये इथिओपिया जिंकल्यावर पाचवा नकाशा आला: मुसोलिनीचं साम्राज्य. त्या युद्धात इटलीने विमानांतून विषारी वायू वापरला होता. सम्राट ऑगस्टसचा वारसा आणि रासायनिक अस्त्र एकाच हातात. पाचवा नकाशा युद्धानंतर काढून टाकला. पहिले चार अजून भिंतीवर आहेत.

बुद्धिवंतांना वश करण्याची रीत बहुधा मऊच होती. १९२९ मध्ये इटलीची नवी अकादमी थाटात सुरू झाली. मासिक वेतन, गणवेश, तलवार, मान. पहिल्या सदस्यांत नाटककार पिरांदेल्लो, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी, आणि अकादम्या उद्ध्वस्त करा म्हणणारा मारिनेत्तीही. ज्यांना मऊ हात लागू पडला नाही त्यांच्यासाठी दुसरा होता. नोव्हेंबर १९२६ मध्ये क्रोचेच्या नेपल्समधल्या घरात गुंड घुसले. पण जगभर नाव असलेल्या क्रोचेला पुढे मोकळं ठेवलं, त्याचं मासिकही चालू राहिलं. साम्यवादी नेता ग्राम्शीला तशी सवलत नव्हती. तो त्याच महिन्यात पकडला गेला आणि १९३७ मध्ये, सुटका होताच काही दिवसांत, वारला. वह्यांवर वह्या त्याने तुरुंगात भरल्या, आणि त्यातला मोठा भाग बुद्धिजीवी सत्तेला कसे उपयोगी पडतात याच प्रश्नावर आहे.

बाहेरच्या पाहुण्यांवरही या मऊ हाताचा प्रयोग झाला. १९२५ मध्ये मुसोलिनीने शांतिनिकेतनला इटालियन ग्रंथांची भेट पाठवली, संस्कृतचे इटालियन प्राध्यापक पाठवले. १९२६ मध्ये रवींद्रनाथ सरकारी पाहुणे म्हणून इटलीला गेले आणि त्यांचे कौतुकाचे शब्द तिथल्या वृत्तपत्रांनी वाढवून-चढवून छापले. पुढे स्वित्झर्लंड आणि व्हिएन्नात परागंदा इटालियनांकडून खरी हकीगत कळल्यावर त्यांनी इंग्लंडच्या ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये आपला विरोध जाहीर केला. आपल्याकडचंही एक नाव इथे येतं. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये रोमला थांबले. मुलांच्या ‘बालिल्ला’ संघटनेचं आणि लष्करी शिक्षणाचं काम त्यांनी पाहिलं, १९ मार्चला मुसोलिनीला भेटले, आणि आपल्या रोजनिशीत या शिस्तीचं कौतुक लिहिलं. नाशिकची भोंसला मिलिटरी स्कूल त्यांनी १९३७ मध्ये सुरू केली. पाहुण्याला कवायत दिसते. वर्गात आणि प्राध्यापकांच्या खोलीत काय चाललंय ते दिसत नाही.

ते दिसलं मुंजे येऊन गेले त्याच वर्षाच्या शेवटी. १९३१ च्या उत्तरार्धात विद्यापीठांतल्या सर्व प्राध्यापकांना नवी शपथ घ्यायला सांगितलं. आधी निष्ठा राजाशी आणि राज्यघटनेशी होती. आता फॅसिस्ट राजवटीशीही, आणि विद्यार्थी ‘राजवटीला वाहिलेले’ घडवण्याचं वचन. प्राध्यापक सुमारे बाराशे होते. नकार दिला तो डझनभरांनीच. कोण कसं मोजतं यावर आकडा एखाददुसऱ्याने बदलतो.

सही करणाऱ्यांना एका ओळीत भ्याड ठरवणं मला जमत नाही. मुलाबाळांची पोटं होती. साम्यवादी पक्षाने आपल्या लोकांना सांगितलं, सही करा आणि आतून काम करा. पोपने मार्ग सुचवला, मनात आपल्या श्रद्धेची अट ठेवून सही करा. खुद्द क्रोचेने काहींना सांगितलं, जागा सोडू नका, नाहीतर तिथे कोण येईल याचा विचार करा. प्रत्येक सल्ल्यात तथ्य होतं. आणि सगळ्या सल्ल्यांची बेरीज अशी झाली की अख्खं विद्यापीठ गुडघ्यावर आलं.

नकार देणाऱ्यांकडे मात्र जरा जवळून पाहू. वोल्तेर्रा, मोठा गणितज्ञ. मार्तिनेत्ती (मारिनेत्तीशी गल्लत नको), मिलानचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, ज्याने तरुणपणी आपल्या सांख्य दर्शनावर प्रबंध लिहिला होता. आणि गाएतानो दे सांक्तिस, रोमन इतिहासाचा इटलीतला सर्वांत मोठा जाणकार, रोमचा अनेक खंडी इतिहास लिहिणारा, पक्का कॅथलिक. ज्या राजवटीच्या प्रत्येक भाषणात रोम होतं, तिच्यापुढे रोम सर्वांत जास्त कळणारा माणूस झुकला नाही. त्याने मंत्र्याला कळवलं की माझ्या आंतरिक स्वातंत्र्याला बांधून टाकणारी किंवा उणेपणा आणणारी शपथ मला घेता येणार नाही. ते स्वातंत्र्य जपणं हे विद्वान म्हणून आणि ख्रिस्ती म्हणून माझं कर्तव्य आहे. विद्वत्ता आणि धर्म, नवी चिकित्सा आणि जुनी श्रद्धा, दोन्ही त्या एका वाक्यात शेजारी उभ्या आहेत, आणि दोन्ही सत्तेला नाही म्हणतात. परंपरा आणि बुद्धी अशाही एकत्र येऊ शकतात हे मला त्या पत्रातून कळलं. त्याची खुर्ची गेली.

सही केलेल्यांत तुल्लिओ लेव्ही-चिव्हिता होता. आइनस्टाइनने सापेक्षतेसाठी जे गणित वापरलं ते उभारण्यात त्याचा मोठा वाटा. त्याने मनात अट ठेवून, नाइलाजाने सही केली. १९३८ मध्ये वांशिक कायदे आले आणि ज्यू असल्यामुळे त्याला विद्यापीठातून काढलं. त्याच्यासारख्या शंभराच्या आसपास प्राध्यापकांना. सात वर्षांपूर्वीची शपथ कुणाच्याच कामी आली नाही. मुसोलिनीचं चरित्र लिहून त्याचं नाव जगभर पोचवणारी, आधुनिक चित्रकारांचा गट उभा करणारी मार्गेरिता सारफात्ती, तीही ज्यू. तिलाही देश सोडावा लागला.

फर्मी ज्यू नव्हता, त्याची पत्नी लॉरा होती. १९३४ मध्ये रोमच्या पानिस्पेर्ना रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत त्याने आणि त्याच्या तरुण सोबत्यांनी न्यूट्रॉनवर केलेलं काम हे त्या काळातलं जगातलं सर्वांत पुढचं विज्ञान होतं. डिसेंबर १९३८ मध्ये नोबेल पारितोषिक घ्यायला तो कुटुंबासह स्टॉकहोमला गेला. रोमला परतायचं नाही हे निघतानाच ठरलेलं होतं. समारंभ आटोपून ते जहाजावर चढले आणि २ जानेवारी १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले.